तोंडी आलेख

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो कडबाकुट्टीच्या आवाजानं. आई चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या आधीच अण्णा गोठ्यात जायचे, त्या मशीनचं मोठं लोखंडी चाक हातानं फिरवायला लागायचे, आणि पात्यांची खरकखरक पडवीतून थेट माजघरात यायची. चाक अण्णांचं आणि मशीनच्या तोंडात कडबा सारायचं काम माझं. आमच्या तीन म्हशी तोवर दावणीला पाय आपटत उभ्या असत. मी कडबा सारता सारता जीवशास्त्राची उत्तरं मोठ्यानं म्हणायची. अकरावीपासून सगळा विषय इंग्रजीत होता, त्यामुळे अण्णांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण मी मध्येच अडखळले की चाक हळू व्हायचं आणि मला आठवलं की पुन्हा वेग घ्यायचं. "गाडी सुटली का?" एवढंच ते विचारायचे. मग आत बसून बाजरीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर आईनं घातलेला लोण्याचा गोळा. शेवगावची एस. टी. यायच्या आत हे सगळं आटपलेलं असे.

आमचं गाव घोडेगाव आणि शेवगावच्या मधलं. बाजाराच्या दिवशी गुरं घोडेगावाकडे आणि मुलं शेवगावाकडे, असा रस्त्याला दोन बाजूंनी ओघ लागायचा. कॉलेज शेवगावला होतं. सायन्सच्या वर्गात आमच्या गावातून मी एकटीच. दहावीपर्यंत मी ज्याला 'पेशी' म्हणत होते ती एका उन्हाळ्यात 'सेल' झाली होती, आणि तो बदल पचवायला मला एकच उपाय सापडला होता, तो म्हणजे पाठांतर. प्रश्न काय विचारलाय याच्याकडे मी फारसं बघतच नसे. प्रश्नात 'हृदय' दिसलं की हृदयाबद्दल जे जे पाठ असेल ते सगळं उतरवून काढायचं. हात भरभर चालायचा, पानं भरायची, सर गुण द्यायचे.

बारावीच्या दिवाळीनंतर, एका सकाळी, त्या मशीननं माझ्या उजव्या हाताची बोटं घेतली. पेंढीतलं एक ओलं धाट रुळात अडकलं, ते ढकलायला मी हात जरा पुढे घातला, आणि अण्णांचं चाक त्याच लयीत फिरत होतं. तर्जनी आणि मधलं बोट गेलं, अंगठा राहिला पण ताठ झाला. त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं: आईच्या लुगड्याचा पदर, दुधाच्या टेम्पोत मागे टाकलेली गोधडी, नगरच्या दवाखान्यातला पिवळा उजेड. (आता जिल्ह्याचं नाव बदललं आहे. कागदावर मी नवं नाव लिहिते, पण त्या दवाखान्याची आठवण आली की तोंडात नगरच येतं.) घरी परतले तेव्हा कडबाकुट्टी गोठ्याबाहेर काढून तिच्यावर पोतं टाकलेलं होतं. अण्णा म्हशींना अख्खा कडबा टाकत होते आणि म्हशी अर्धा तुडवून वाया घालवत होत्या.

"येत्या बाजारी इकून टाकतो तिला," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आणि म्हशींनी काय खायचं?"

"खात्यात की असंच."

"कुठं खातात? निम्मा पायाखाली आहे. ते पोतं काढा अण्णा. मी लांब बसून उत्तरं म्हणते, तुम्ही सारा, आई चाक फिरवील."

आईनं खरंच चाक धरलं. पहिल्या दिवशी अण्णा एकेकच धाट सारत होते. मी उंबऱ्यावर बसून पचनसंस्था म्हणत होते. बारावी त्याच वर्षी द्यायची हे मी दवाखान्यातच ठरवलं होतं. एक वर्ष थांबले असते तर मला पुन्हा कॉलेजात पाठवायला घरातल्या कुणाच्याच जिवाला धीर झाला नसता. माझ्यासुद्धा.

डाव्या हातानं लिहायला मी लगेच सुरुवात केली. अक्षर मुंगीच्या चालीनं पुढे सरकायचं. बाकीच्यांचं पान व्हायचं तेवढ्यात माझी ओळ. जीवशास्त्राचे गायके सर उंच, वाकलेले आणि नेहमी घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी मला बोलावून सांगितलं की बोर्डाला अर्ज केला तर लेखनिक मिळतो. मी सांगायचं, त्यानं लिहायचं. फक्त तो खालच्या वर्गातला हवा आणि त्याला विषयाची माहिती नको.

अशी मंदा आमच्याकडे आली. ती त्याच कॉलेजात अकरावी आर्ट्सला होती. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते पार उन्हाळ्यात परतायचे, म्हणून ती आमच्या गावात मामाकडे राहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, इंग्रजीसुद्धा. उंचीनं माझ्याएवढीच, वयानंही जवळपास, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा कितीतरी धीट. ती पडवीत बसली, तिनं माझा हात नीट निरखून पाहिला. तसं तोवर कुणी पाहिलं नव्हतं, सगळे नजर चुकवायचे.

"दुखतंय का आजून?"

"थंडीत ठणकतं."

"बरं. मी लिहिते. पर तू सांगशील तेवढंच लिहीन. माज्या मनाचं टिंब बी टाकनार न्हाई. मागनं म्हनू नको की मंदे, एवढं तरी कळाया पायजे हुतं."

"नाही म्हणणार. पण तुला यातून काय मिळणार?"

"मला पुढल्या साली बारावीला बसायचंय. बोर्डाच्या परीक्षेत आत काय चालतं ते आदीच बघून घेते." मग आईकडे वळून, "काकू, शेंगोळ्यांचा वास येतोय." आईनं तिला त्या दिवशी हुलग्याच्या शेंगोळ्या वाढल्या, आणि त्यानंतर संध्याकाळी ती जेवल्याशिवाय कधी गेली नाही.

पूर्वपरीक्षेत आमची पुरती फजिती झाली. प्रश्न होता, तापमानाप्रमाणे विकराची, म्हणजे एन्झाइमची क्रिया कशी बदलते त्याचा आलेख काढा आणि वर्णन करा. मला तो आलेख डोळे मिटून दिसत होता. मी मंदाला म्हटलं, "ते हळूहळू वर जातं आणि मग एकदम खाली येतं, तसं काढ." मंदानं पट्टी घेतली, एक तिरकी रेघ वर नेली, दुसरी तिरकी खाली आणली. मी पाहिलं तर उसाच्या फडावर मजूर बांधतात ती कोपी उभी होती. "अगं, ही कोपी झाली!" मी म्हटलं. "तू वर आनि खाली म्हनलीस, ते झालं," मंदा म्हणाली. वेळ निघून गेला होता. आडव्या रेघेवर काय मोजलंय, उभीवर काय, हे सांगायचंच मी विसरले होते. माझा हात धड होता तेव्हा ते आपोआप लिहिलं जायचं. तेच पुढच्या प्रश्नात. फरक विचारला होता आणि मी मंदाला आधी एकाची सगळी माहिती सांगितली, मग दुसऱ्याची. तोवर घसा बसला आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले.

गायके सरांनी पेपर माझ्यासमोर ठेवला. त्यांचा आवाज मऊ होता आणि त्याच मऊपणाचा मला राग आला.

"हे बघ शालन, आकृत्या आणि आलेखांचे प्रश्न सोडून दे. बाकीच्यात पास होशील. या परिस्थितीत पास होणं हीच मोठी गोष्ट आहे."

"सर, आलेख मला येतो."

"तुला येतो, पण कागदावर येत नाही ना."

"मग तो तोंडानं कसा सांगायचा ते शिकवा."

 सरांनी त्या कोपीवर बोट ठेवून विचारलं, "प्रश्नातलं पहिलं क्रियापद कुठलं होतं?" मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं प्रश्न वाचत होते आणि क्रियापद माझ्या डोळ्यांनी कधी टिपलंच नव्हतं. सर म्हणाले, "तुझ्याकडे आता हात नाही, फक्त श्वास आहे. तो कुठं खर्च करायचा हे ते एक क्रियापद सांगतं. पेपरात 'नेम' म्हटलं की नाव सांगून थांबायचं. स्टेट म्हटलं की एक वाक्य, कारण द्यायचं नाही. डिस्क्राइब म्हणजे जे दिसतं ते, क्रमानं. एक्सप्लेन म्हणजे ते का घडतं. डिस्टिंग्विश म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करायचं, एकाच मुद्द्यावर. यापलीकडे बोललीस तर ते वाया."

पुढे मी स्वतः तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि दर जूनमध्ये पहिला तास या शब्दांवरच घेतला. मुलं कंटाळायची. आता शेजारची मुलगी मोबाईलवर प्रश्न घेऊन माझ्याकडे येते, उत्तर तिला मोबाईलच देतो, तरी तिचे गुण जातात. मी तिला म्हणते, प्रश्न वाच. ती म्हणते, वाचला. मी म्हणते, पुन्हा वाच, आणि पहिला शब्द मोठ्यानं. मला तो शब्द ऐकू येण्यासाठी काय गमवावं लागलं, ते मी तिला सांगत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या पडवीत रोज संध्याकाळी एकच खेळ चालायचा. मंदा आणि मी पाठीला पाठ लावून बसायचो. तिच्या मांडीवर आलेखाचा कोरा कागद, माझ्या समोर पुस्तकातला आलेख गिरवून घेतलेला कागद. मी सांगायचं, तिनं काढायचं, शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सुरुवातीला काय काय निघायचं! एकदा नाडीच्या ठोक्यांचा आलेख म्हणून विहिरीच्या पायऱ्या निघाल्या. आई भाकऱ्या थापता थापता हसायची. मग आम्ही शब्द ठरवत गेलो. आडवा अक्ष, उभा अक्ष, दोघं मिळतात तो आरंभबिंदू, एका चौकोनाला किती धरायचं ते प्रमाण. वळणांना मात्र पुस्तकी नावं मंदाच्या हाताला चिकटेनात. 'ग्रॅज्युअल', 'स्टीप', 'प्लॅटो' असं म्हटलं की तिची पेन्सिल थांबायची.

"आपलं कायतरी सांग," ती वैतागून म्हणाली. "मी माज्या आयबापासंगं ट्रकात बसून करंजीच्या घाटानं किती येळा गेले. चढ म्हन, मला कळल."

मग माझ्या सांगण्यात सगळा मुलूख आला. सपाट माळ, चढण, घाट, पठार, उतार. बुरशी किंवा जिवाणू वाढतात त्याचा आलेख म्हणजे माळ, घाट, पठार. विकराचा आलेख म्हणजे लांब चढण आणि पलीकडे तुटलेला कडा. मंदाची पेन्सिल सरसर चालायला लागली. एकदा अण्णा दूध घालून आले आणि आमच्यामागे उभे राहून ऐकत राहिले. "ही परीक्षा कशाची हाय? घाटाची?" त्यांनी विचारलं. अपघातानंतर ते माझ्याशी असं सहज पहिल्यांदाच बोलले. मी त्यांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी ते उजेडाकडे धरले, एकावर एक ठेवले, आणि म्हणाले, "जुळतंय की." मग गोठ्यात गेले. त्या दिवशी पेंढ्या सारताना ते काहीतरी गुणगुणत होते.

बोर्डाच्या पेपराला आम्हा दोघींना वेगळ्या खोलीत बसवलं. कॉलेजचीच एक अडगळीची खोली होती, भिंतीला जुने नकाशे टांगलेले. पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या गावच्या एक बाई आल्या होत्या, चष्म्याच्या आणि शिस्तीच्या. पहिला तास सुरळीत गेला. मी पहिलं क्रियापद मनात म्हणायची, तेवढंच सांगायची, मंदा लिहायची. मग तो प्रश्न आला. तळ्यात सोडलेल्या सूक्ष्म जिवांची संख्या काळाप्रमाणे कशी वाढते, अन्न मर्यादित असताना आणि अमर्याद असताना. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा, नावं द्या, फरकाची कारणं द्या. मला मनातून हसू आलं. अगदी आमचाच प्रश्न होता.

"मंदा, अक्ष काढ," मी म्हटलं. "झालं? आता पहिली रेघ. माळावरून सुरू कर, मग घाट..."

"थांबा!" बाई उठल्या. "हे काय चाललंय? माळ, घाट? आपसात सांकेतिक काही ठरवलंय का?"

"बाई, रेघेचा आकार सांगतेय."

"पेपर इंग्रजी आहे, उत्तरं इंग्रजीत आहेत, सांगायचंही इंग्रजीतच. मराठीत एक शब्द बोललात तर मला वर कळवावं लागेल."

त्यांचंही एका अर्थी बरोबर होतं. मंदा मला काही सुचवतेय की मी तिला सांगतेय, हे त्यांना कसं कळणार? पण तेव्हा मला ते दिसत नव्हतं. मंदानं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली. वाद घालावा, केंद्रप्रमुखांना बोलवा म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते गिळलं. माझ्याकडे फक्त श्वास होता. तो भांडणात घालवायचा नव्हता.

घाट गेला, पठार गेलं. 'स्टीप' म्हटलं तर मंदाचा हात थांबणार हे मला ठाऊक होतं. मग उरलं काय? आकडे उरले. आकडे तिला कुठल्याही भाषेत कळत होते. मी डोळे मिटले, मनातल्या रेघेवर बोट ठेवून चालायला लागले, आणि जिथं जिथं बोट टेकलं तिथला पत्ता सांगत गेले.

"पुट अ पॉइंट. एक्स वन, वाय वन." पेन्सिलीचा टक असा आवाज आला. "एक्स टू, वाय टू. एक्स थ्री, वाय फाइव्ह. एक्स फोर, वाय एट. एक्स फाइव्ह, वाय नाइन. एक्स सिक्स, वाय नाइन अँड हाफ."

टक, टक, टक. मी डोळे उघडले नाहीत.

"जॉइन द पॉइंट्स. नो रुलर. स्मूथ कर्व्ह. डोन्ट लिफ्ट द पेन्सिल."

पट्टी बाकावर ठेवल्याचा आवाज आला. मग एक लांब, न तुटलेली सरसर. मी पाहिलं तेव्हा कागदावर रेघ उभी होती, खाली सुस्त, मध्ये उठलेली, वर जाऊन निवांत झालेली.  दुसरी रेघ तुटक काढायची होती, ती थांबतच नाही, वरच जात राहते. तिचेही बिंदू सांगितले. नावं सांगितली. मग कारणं, वाक्यावाक्यानं, अवघड शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून. बाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि घंटा होईपर्यंत पुन्हा उठल्या नाहीत. शेवटचा प्रश्न माझा त्या दिवशी पूर्ण झाला.

त्या आलेखाला किती गुण पडले ते मला कधीच कळलं नाही. तेव्हा उत्तरपत्रिका बघायला मिळत नसत. पण निकालात जीवशास्त्राचे गुण सगळ्या विषयांत वरचे होते, आणि त्यांच्या जोरावर मला नगरला बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला. गायके सरांनी घरी येऊन आईच्या हातचा चहा घेतला आणि जाताना अण्णांना म्हणाले, "मी हिला आलेख सोडून द्यायला सांगितलं होतं. हिनं ऐकलं नाही, बरं झालं."

पण मला त्या दिवसाची खरी आठवण आहे ती पेपर सुटल्यानंतरची. शेवगावच्या स्टँडवर आम्ही दोघी एस. टी.ची वाट बघत एका बाकावर बसलो होतो. आईनं दिलेले धपाटे मंदानं उलगडले. माझा घसा इतका बसला होता की घास गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. मंदा खात नव्हती. तिनं धुळीत चपलेच्या टोकानं एक रेघ काढली, मग शेजारी दुसरी.

"शालन, मी समदं लिहिलं. पर कळलं काय बी न्हाई."

"तुला कळायची गरजच नव्हती."

"तेच तर." ती माझ्याकडे वळली. "ही रेघ शेवटाला आडवी का झाली? आनि ही का न्हाई झाली? तीन तास माज्या हातानं लिहून घेतलंस. आता मला सांग."

मी खुणेनं घसा दाखवला. तिनं पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि वाट बघत बसली. मग मी सांगितलं, फुटक्या आवाजात, मराठीत. तळ्यातलं अन्न जोवर भरपूर तोवर जीव वाढत जातात. अन्न पुरेनासं झालं, जागा पुरेनाशी झाली की जितके जन्मतात तितकेच मरतात, म्हणून रेघ आडवी.

"म्हंजी फड सपला की टोळी हालती, तसं?"

"टोळीला हलता येतं मंदा. त्यांना तळ्याबाहेर जाता येत नाही."

 आमची एस. टी. आली, गर्दी चढली, आम्ही दोघी दांड्याला धरून उभ्या राहिलो. गाव येईपर्यंत ती विचारत होती. पाऊस पडून तळं मोठं झालं तर? मोठ्या जिवांनी लहानांना खाल्लं तर? त्या विकरांची रेघ कड्यावरून पडती ती कशानं? मी एकेकाचं उत्तर देत होते, आवाज पूर्ण जाईपर्यंत, आणि गेल्यावर नुसत्या मानेनं.

जूनमध्ये तिच्या मामाला घेऊन आम्ही तिघं कॉलेजच्या कार्यालयापुढे रांगेत उभे होतो. मामा स्वभावानं गरीब माणूस, त्याला ही पोरगी काय करतेय ते समजत नव्हतं. ती अकरावी पास झाली होती, आर्ट्सच्या बारावीचा वर्ग तिच्यासाठी उघडा होता.

"आगं, पुन्यांदा आकरावी? येक वर्स मागं जाशील."

"जाते," मंदा म्हणाली, आणि सायन्सचा अर्ज घेऊन खिडकीशी गेली.